पैशाची भीती आणि ‘आपल्याला नाही जमणार’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरगुती खाद्यपदार्थ, शिवणकाम, शिकवण्या, पार्लर, छोटी दुरुस्तीची दुकानं अशा व्यवसायांचे हिशेब लिहिणं हे माझं काम. वहीबरोबर लोक जे प्रश्न घेऊन येतात त्यांत कराचे कमी आणि मनातले जास्त असतात. तेच ते पुन्हा येतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. जिथे त्यांच्याकडेच जायला हवं, तिथे तसं सांगितलंय (प्रश्न १३).

१. मला पैसे हवेच आहेत. मग मला पैशाची भीती वाटते असं कसं म्हणता?

नोटांची भीती कुणालाच नसते. पैसा यायच्या वाटेवर जे करावं लागतं त्याची असते: दर सांगणं, बाकी मागणं, नाही म्हणणं, कर्जाच्या कागदावर सही करणं, चार माणसांत ‘पैशाच्या मागे लागलेली’ दिसणं. काम दहा मिनिटांचं, आणि तरी महिनाभर राहून गेलंय, तिथे हमखास भीती असते. चालू खातं उघडणं, जुन्या गिऱ्हाइकाला फोन करणं, दरपत्रक छापून घेणं ही नेहमीची ठिकाणं. ‘वेळच मिळाला नाही’ हे कारण मी ऐकून घेते, पण खरं धरत नाही.

२. ‘लिमिटिंग बिलीफ’ म्हणजे नेमकं काय? माझ्यात ती आहे हे कसं कळणार?

मर्यादा घालणारी धारणा, म्हणजे न तपासता खरं धरलेलं वाक्य. ‘आपल्यात कुणी धंदा केलाय का?’, ‘आमच्या गावात एवढा दर कोण देतंय’, ‘जास्त पैसा आला की घरात भांडणं लागतात’, ‘माझं गणित पहिल्यापासून कच्चं’. यांतली बरीचशी आपण स्वतः बनवलेली नसतात. लहानपणी मोठ्या माणसांची बोलणी चालू असताना ती कानावर पडलेली असतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मांडली. आपल्याला त्रास होतो तो घटनेपेक्षा त्या घटनेचा आपण जो अर्थ लावतो त्यामुळे जास्त, हा तिचा गाभा. गिऱ्हाईक ‘महाग आहे’ म्हणालं, ही घटना. ‘म्हणजे माझ्या कामाला किंमतच नाही’, हा आपण लावलेला अर्थ. दोन्ही वेगवेगळ्या ओळींत लिहून काढा. वाक्य कागदावर आलं की त्याला ‘कशावरून?’ असं विचारता येतं.

मात्र प्रत्येक नकारात्मक वाक्य अशा धारणेतूनच येतं असं नाही. ‘या महिन्यात माझ्याकडे भांडवल नाही’ ही साधी वस्तुस्थिती आहे. तिच्यासाठी प्रश्न ९ आणि १० पाहा.

३. मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे सगळेच म्हणतात. त्यात काहीच तथ्य नाही?

थोडं आहे, पण लोक समजतात त्या जागी नाही. ज्या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार आहे, तिथल्या मुलाला पहिलं भांडवल घरातून, पहिला माल ओळखीतून आणि पहिला सल्ला काकाच्या पेढीवर मिळतो. आपल्याकडे बहुतेकांना या तिन्ही गोष्टी बाहेर शोधाव्या लागतात. तोटा खरा आहे, पण तो सोयी नसण्याचा आहे, रक्ताचा नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण घ्या. मुंबईतल्या तंत्रशाळेत ते शिकवत होते. बढतीत डावललं गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथे भावाबरोबर सायकलींचं दुकान होतंच. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर बनवला, तर शेतकरी त्याला हात लावेनात. लोखंडाने जमिनीत विष भिनतं असा समज होता. पहिला नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. या गोष्टीत मला स्वतःला किर्लोस्करांपेक्षा तो शेतकरी जास्त महत्त्वाचा वाटतो. तो मूर्ख नव्हता. एक हंगाम फुकट गेला तर त्याचं वर्ष जाणार होतं. त्याची धारणा भाषणाने बदलली नाही, शेजारच्या रानात नांगर चाललेला बघून बदलली. तुमच्या धारणेचंही तसंच होणार आहे (प्रश्न ८).

४. दर सांगताना घसा कोरडा पडतो. मग मी आपोआप कमी सांगते. काय करू?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न, म्हणून उत्तरही लांब.

पुरणपोळीचा हिशेब करून बघू. वीस पोळ्यांना डाळ, गूळ, कणीक, तूप, वेलची-जायफळ मिळून समजा २६० रुपये. गॅस ४०. डबे-पिशव्या ३०. झाले ३३०. डाळ शिजत घालण्यापासून ओटा पुसेपर्यंत चार तास. पंचवीस रुपयांना पोळी विकली तर ५०० येतात, हातात उरतात १७०. म्हणजे तासाला साडेबेचाळीस रुपये. पुरण वाटून दुखणारा खांदा यात धरलेला नाही.

हे मांडल्यावर समोरची ताई हमखास म्हणते, ‘पण चाळीस म्हटलं तर गिऱ्हाईक पळेल.’ पळू दे की! किती पळालं तर तुमचं नुकसान होईल, ते बघू. एका पोळीचा खर्च साडेसोळा रुपये. पंचवीसच्या दराने शंभर पोळ्या विकल्या तर उरतात ८५०. चाळीसच्या दराने एका पोळीमागे साडेतेवीस सुटतात, म्हणजे फक्त चाळीस पोळ्या खपल्या तरी हाती ९४०. शंभरातल्या साठ पोळ्यांची मागणी गेली तरी तुम्ही आधीपेक्षा पुढेच, आणि मेहनत निम्म्याहून कमी. साठ पोळ्यांची मागणी एका झटक्यात जाईल असं तुम्हाला खरंच वाटतं का?

आता घशाचं. दर तोंडी सांगूच नका, छापा. ‘पुरणपोळी ४० रु. नग, किमान १० नग, निम्मी रक्कम आगाऊ’ एवढं एका कार्डावर किंवा व्हॉट्सॲपच्या फोटोवर असलं की तो दर तुमचा न राहता कार्डाचा होतो. तोंडी सांगायची वेळ आलीच तर आकडा सांगून गप्प बसा. आकड्यानंतरचं ‘पण तुमच्यासाठी कमी करू हं’ हे वाक्य गिऱ्हाइकाने मागितलेलं नसतं. ते आपली भीती बोलत असते. नवा दर आधी नव्या गिऱ्हाइकांना लावा, जुन्यांना पुढच्या सणापासून. ‘चैत्र पाडव्यापासून दर बदलतोय’ असं महिनाभर आधी सांगितलं तर कुणी फार मनावर घेत नाही.

५. ओळखीच्यांकडून आणि नातेवाइकांकडून पैसे कसे मागायचे?

आधी ठरवा, फुकट कुणाला द्यायचं. आई, सख्खी बहीण, लहानपणी सांभाळणारी मावशी, जी काही नावं असतील ती लिहून काढा. त्यांना आनंदाने द्या आणि विसरून जा. यादीबाहेरच्या प्रत्येकाला दर लागू. कटकट होते ती यादी नसल्यामुळे. दिवाळीचा फराळ अर्ध्या सोसायटीला ‘घ्या हो, नंतर द्या’ म्हणून जातो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत आपण मनात कुढत बसतो.

बाकी मागताना रक्कम आणि तारीख, एवढंच. ‘काकू, गेल्या महिन्याचे ११४० राहिलेत, आज पाठवता का?’ सोबत क्यूआर कोड. ‘जमलं तर’, ‘घाई नाही’, ‘मलाच कसंतरी वाटतंय मागताना’ हे शब्द गाळा. बहुतेक लोक खरंच विसरलेले असतात आणि तासाभरात पैसे येतात. जे दोनदा आठवण करूनही देत नाहीत, त्यांना पुढची ऑर्डर आगाऊ रकमेशिवाय घेऊ नका.

६. पैशाच्या मागे लागणं आपल्या संस्कारात बसत नाही. संतांनीही तेच सांगितलंय ना?

तुकोबांचाच शब्द घ्या: ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी ॥’ चांगल्या व्यवहाराने धन जोड आणि त्यात न अडकता खर्च कर. जोडू नको असं त्यात कुठेच नाही. तुकोबांच्या देहूच्या घरात महाजनकी होती, दुकान होतं, सावकारी होती. दुष्काळाने होत्याचं नव्हतं झाल्यावर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, अशी परंपरा सांगते. भावाच्या वाट्याची मात्र त्याच्या हाती दिली. दुसऱ्याच्या हक्काचा पैसा त्यांनी आपल्या वैराग्यात बुडवला नाही, हे कीर्तनात फारसं ऐकू येत नाही.

संस्काराचं कारण पुढे करणाऱ्यांना मी एकच विचारते: तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना तुम्ही रास्त पगार देता का? नसाल देत, तर अडचण संस्काराची नाही, हिशेबाची आहे. दर कमी ठेवणाऱ्या व्यवसायात सगळ्यांत आधी मदतनिसाचा पगार कापला जातो.

७. रोज सकाळी आरशासमोर ‘मी श्रीमंत आहे’ असं म्हणते. याचा उपयोग होतो का?

त्याने दिवस बरा सुरू होत असेल तर म्हणा. पण तेवढ्यावर थांबू नका. गॅब्रिएल ओटिंजेन या मानसशास्त्रज्ञ नेमकं याच विषयावर संशोधन करत आल्या आहेत. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांपैकी जे चांगल्या नोकरीची स्वप्नं रंगवण्यात जास्त रमले, त्यांनी पुढे अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्या कमी मिळाल्या आणि पगारही कमी मिळाला, असं त्यांना दिसलं. मनात मिळाल्याचं समाधान आधीच झालं की अंग ढिलं पडतं. त्यांचा उपाय सोपा आहे: हवं ते डोळ्यांसमोर आणा, लगेच त्याच्या आड येणारी स्वतःची अडचण आणा, आणि ‘असं झालं तर मी असं करेन’ हे ठरवून टाका. आपल्या भाषेत: ‘महिन्याला पंधरा हजार सुटायला हवेत. अडचण: कुणी घासाघीस केली की मी पाघळते. घासाघीस सुरू झाली की मी कार्ड दाखवेन.’

८. भीती पूर्ण गेल्यावरच सुरुवात करावी ना?

मग सुरुवात होणारच नाही. भीती आधी जाते आणि मग काम होतं, असा क्रम मी तरी पाहिलेला नाही. प्रश्न २ मधले एलिस एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला फार घाबरत. त्यांनी ठरवलं की न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली कुणी दिसली की तिच्याशी बोलायचं. ते शंभर जणींशी बोलले. एकच भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही. हाती काही लागलं नाही, भीती मात्र गेली, कारण नकाराने आपलं काही बिघडत नाही हे त्यांनी शंभर वेळा पाहिलं.

तुमचं ‘शंभर’ छोटं असू दे. या आठवड्यात तीन अनोळखी माणसांना पूर्ण दर सांगा. ऑर्डर मिळवणं हे ध्येय ठेवू नका, दर सांगून होणं हेच ध्येय. वहीत दोन रकाने करा: ‘काय होईल असं वाटलं’ आणि ‘काय झालं’. पंधरा-वीस नोंदी झाल्या की दुसरा रकाना पहिल्यापेक्षा किती सौम्य आहे ते दिसतं. नोकरी सोडणं हे मात्र अशा सरावाचं पाऊल नाही. घरखर्चाचे निदान सहा महिने बाजूला असल्याशिवाय आणि व्यवसायाची निदान दोन सणांची विक्री वहीत असल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

९. महिनाअखेर हातात काही उरत नाही. आणि लोक म्हणतात, मानसिकता बदला. राग येतो.

राग रास्त आहे. ‘गरिबी मनात असते’ असं म्हणणाऱ्यांचं पोट भरलेलं असतं. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची ऊस तुटण्याआधी, हात तंग असताना, आणि नंतर पैसे आल्यावर, अशी दोनदा आकलनाची चाचणी घेतली. पैसे आल्यावर तीच माणसं स्पष्टपणे सरस ठरली. तंगीच डोक्याची जागा खाते.

म्हणून तुमच्यासाठी क्रम उलटा. आधी श्वास घेण्यापुरती जागा: बचत गट असेल तर त्यातली शिल्लक, हप्ते जुळवून घेण्यासाठी बँकेशी बोलणं, एखादी विनाकारण चालू असलेली सेवा बंद करणं. मोठे निर्णय महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घेऊ नका, पैसे हातात असलेल्या आठवड्यात घ्या. आरसा, स्वप्नं वगैरे नंतर.

१०. घरात कर्जाचं नाव काढलं की सगळे गप्प होतात. कर्जाची भीती खरी की खोटी?

कोणतं कर्ज त्यावर आहे. खासगी सावकाराचं ‘शेकडा पाच’ म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. त्याला घाबरायलाच हवं. मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाचीही तीच गत. लग्न, बारसं, नवा फोन यांसाठीच्या कर्जाबद्दल जुनी माणसं म्हणतात तेच मी म्हणते: ऋण काढून सण करू नये.

शिलाई मशीन, ओव्हन, पीठगिरणी असं कमाई करणारं काही घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत तारण लागत नाही. ५० हजारांपर्यंत ‘शिशु’, ५ लाखांपर्यंत ‘किशोर’, १० लाखांपर्यंत ‘तरुण’, आणि आधीचं ‘तरुण’ कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. माझा ठोकताळा: मंद महिन्यात जे सुटतं, त्याच्या एक तृतीयांशापेक्षा हप्ता मोठा नको. दिवाळीच्या महिन्यावरून हप्ता ठरवणारे फाल्गुनात रडतात.

११. एकदा बुडालोय. आता हिंमतच होत नाही.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार, तेवढ्याच रकमेच्या फायद्याच्या आनंदापेक्षा नुकसानाची बोच बरीच जास्त असते, साधारण दुप्पट. त्यामुळे बुडालेला माणूस भित्रा होत नाही, फक्त त्याचा तराजू आणखी एका बाजूला झुकतो. ‘पुन्हा बुडालो तर?’ याला ‘नाही बुडणार’ हे उत्तर देऊ नका, कुणालाच ते पटत नाही. ‘बुडालो तर जास्तीत जास्त किती?’ हे ठरवा. समजा पंचवीस हजार. ते वेगळ्या खात्यात टाका. संपले की दुकान बंद, दागिने मोडायचे नाहीत, मेहुण्याकडे मागायचे नाहीत. हे घरातल्या एका माणसाला आधी सांगून ठेवा.

आणि मागच्या वेळी नेमकं काय बुडालं तेही लिहा. बहुतेक वह्यांत धंदा ठीक असतो, उधारीने तो खाल्लेला असतो (प्रश्न ५).

१२. एका सेमिनारमध्ये सांगितलं की पैसे भरायला घाबरता हीच तुमची मर्यादा. पन्नास हजार भरू का?

नका भरू. ‘तुमची शंका हाच तुमचा अडथळा’ हे वाक्य फार हुशार आहे, कारण त्यानंतर प्रश्न विचारणारा प्रत्येक जण आपोआप ‘छोट्या विचारांचा’ ठरतो. हॉलमध्ये मोठ्याने गाणी, टाळ्या, ‘आजच भरलं तर निम्म्यात’ आणि शेजारी बसलेला ताई-ताई करणारा भला माणूस. मी विचारते ते तीन प्रश्न: माल किंवा शिक्षण नेमकं काय मिळणार? पैसे परत मागायची लेखी अट आहे का? कमाई माल विकून होणार की नवी माणसं आणून? तिसऱ्याचं उत्तर ‘माणसं आणून’ असेल तर १९७८ च्या कायद्याने अशा पैसे फिरवणाऱ्या योजनांवर बंदी आहे, आणि २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांतही पिरॅमिड योजनांना मनाई आहे. इथे तुमची भीती बरोबर आहे. तिचं ऐका.

१३. आता पैसे चांगले येतात, तरी झोप लागत नाही. आपण लायक नाही, कुणाची तरी नजर लागेल, असं वाटत राहतं.

यशस्वी स्त्रियांनाही आपण सगळ्यांना फसवतोय असं वाटतं, हे पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली नोंदवलं होतं. तेव्हा तुम्ही एकट्या नाही. परत येणाऱ्या गिऱ्हाइकांची नावं लिहून भिंतीला लावा. पाच वर्षं कुणी दयेपोटी चकल्या घेत नाही. नजरेसाठी मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या असतील तर ओवाळा, माझी हरकत नाही, खर्च पाच रुपये.

पण झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, छातीत धडधडत असेल, खाणं सुटलं असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर हा धारणेचा विषय राहत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

१४. बँका बुडतात म्हणून पैसे घरातच ठेवते. चूक आहे का?

ठेव विम्यामुळे एका बँकेत एका व्यक्तीचे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत सुरक्षित असतात, सहकारी बँकेतही. पतसंस्थेला मात्र हा विमा नाही, आणि आपल्याकडे लोकांची गल्लत नेमकी इथेच होते. पाटीवर ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’ ते वाचा.

१५. मी सरकारी नोकरीत आहे. बाजूला व्यवसाय करायला घाबरतो. हीसुद्धा मानसिक मर्यादा?

नाही, हा नियम आहे. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही, आणि घरातलं कुणी व्यवसाय करत असेल तर तेही कळवावं लागतं. पत्नी खरोखर व्यवसाय करत असेल तर रीतसर कळवून करू द्या. नाव तिचं आणि गल्ल्यावर तुम्ही, हा प्रकार चौकशीत टिकत नाही.

१६. जवळचा मित्र पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहा म्हणतोय. नाही म्हणायची भीती वाटते.

१८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे. त्याने थकवलं तर संस्था थेट तुमच्याकडे येऊ शकते, आधी त्याच्या मागे लागायलाच हवं असं बंधन तिच्यावर नाही. ‘फक्त सहीच तर करायची’ हे म्हणणाऱ्याला हे माहीत असतं. तेव्हा एकच प्रश्न: ही सगळी रक्कम स्वतःच्या खिशातून भरायची वेळ आली तर घर चालेल का? नसेल चालत, तर त्याला आजच सांगा, ‘अरे, जामीन कुणालाच राहायचं नाही असं आमच्या घरात ठरलंय. दहा हजार हवे असतील तर देतो, परत दिलेस तर दे.’ आणि हे खरोखर घरात ठरवून घ्या, म्हणजे त्याने वहिनींना फोन केला तरी उत्तर तेच येईल.